हवेतल्या कणांचं वजन कळतं, पण विखार कसा मोजायचा?

कणाद

थंडी सुरू झाली की मुंबई-पुण्याच्या हवेवर चर्चा रंगते आणि ती हमखास एकाच आकड्याभोवती फिरते: आज पीएम २.५ किती? मी पुण्यात याच कणांच्या मोजणीचं काम करतो, म्हणून हा धागा काढतोय. तो आकडा म्हणजे वजन आहे, निव्वळ वजन. एक घनमीटर हवेत अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण किती मायक्रोग्रॅम भरले, एवढंच तो सांगतो. ते कण कशाचे आहेत, संख्येनं किती आहेत आणि फुप्फुसात गेल्यावर काय करतात, याबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

आधी वजन कसं करतात ते सांगतो. टेफ्लॉनचा ४७ मिलिमीटरचा गोल फिल्टर ठरावीक तापमान आणि आर्द्रतेच्या खोलीत किमान एक दिवस ठेवायचा. मग चिमट्यानं फक्त कडेच्या रिंगला धरून, त्यावरचा स्थिर विद्युतभार घालवून, काट्यावर ठेवायचा. काटा मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागापर्यंत वाचतो. दार उघडल्यावर आलेल्या वाऱ्यानंही आकडा हलतो. नंतर तो फिल्टर यंत्रात बसवून चोवीस तास मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढायची, म्हणजे दिवसभरात २४ घनमीटर. परत आणून पुन्हा तेवढाच वेळ त्याच खोलीत, आणि पुन्हा वजन. आपल्याकडे चोवीस तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. अगदी मर्यादेवरच्या दिवशी त्या फिल्टरवर जमतं अवघं १.४४ मिलिग्रॅम. सगळा वाद एवढ्याशा ऐवजावर चाललेला असतो.

आता सारख्याच वजनाचे तीन फिल्टर टेबलावर मांडले आहेत असं समजा. एक काळाकुट्ट, एक तपकिरी, एक जवळजवळ पांढरा. काळ्यावर डिझेलची काजळी, तपकिरीवर लाकूडफाट्याचा धूर आणि माती, पांढऱ्यावर सल्फेट, नायट्रेट, किनाऱ्याजवळ असाल तर समुद्राचं मीठही. अॅपवर या तिन्ही दिवसांचा रंग एकच दिसेल. शरीरालाही ते तिन्ही दिवस सारखेच गेले, असं मानायला माझं मन तयार नाही.

वजनाला कमी लेखायचा मात्र माझा हेतू नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सहा शहरांत आठ हजारांवर माणसांचा १४ ते १६ वर्षं मागोवा घेतला आणि १९९३ मध्ये निष्कर्ष छापला: सर्वांत प्रदूषित स्ट्यूबेनव्हिलमध्ये मृत्युदर सर्वांत स्वच्छ पोर्टेजपेक्षा २६ टक्के जास्त. धूम्रपान वगैरेचा हिशेब वजा करूनही. १९९७ मध्ये अमेरिकेत पीएम २.५ चं पहिलं मानक आलं, त्यामागे हा अभ्यास होता. वजनानं लाखो जीव वाचवलेत. पण त्याच देशातली दुसरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते.

युटा राज्यात प्रोव्होजवळ एक पोलाद कारखाना होता. कामगार-मालक वादात तो १९८६ च्या ऑगस्टपासून १३ महिने बंद राहिला. आर्डन पोप नावाच्या प्राध्यापकांनी त्या खोऱ्यातल्या इस्पितळांच्या नोंदी काढल्या. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत दमा आणि ब्राँकायटिसनं दाखल होणारी मुलं बंदच्या हिवाळ्याच्या तुलनेत दुप्पट-तिप्पट होती. यात नवल नाही. कारखाना बंद, धूर कमी. पुढचं पाहा. त्या काळातले हवेचे फिल्टर कुणीतरी जपून ठेवले होते. पीएम १० चे, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे होते, पण होते. काही वर्षांनी त्यांच्यावरचा ऐवज पाण्यात उतरवून निरोगी स्वयंसेवकांच्या फुप्फुसात नळीवाटे सोडला गेला. मात्रा सगळ्यांना सारखी. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात कारखाना चालू असतानाच्या कणांनी जास्त दाह केला, बंद काळातल्या कणांनी कमी. वजन तेच, परिणाम वेगळा, आणि फरक मुख्यतः धातूंचा. कुणी ते फिल्टर वजन करून केरात टाकले असते तर हे कधीच कळलं नसतं.

मग विखार मोजायचा कसा? एक वाट म्हणजे ऑक्सिडेटिव्ह पोटेन्शियल, सोयीसाठी ओपी म्हणू. हे कण शरीरातले अँटिऑक्सिडंट किती वेगानं खाऊन टाकतात, ते परीक्षानळीत पाहायचं. फिल्टरचा तुकडा पाण्यात घालून ध्वनिलहरींनी हलवायचा, उतरलेला अर्क ३७ अंशांवर, अँटिऑक्सिडंटच्या जागी वापरलेल्या डीटीटी नावाच्या रसायनात मिसळायचा आणि ठरावीक मिनिटांनी थोडं थोडं काढून तपासायचं. उरलेल्या डीटीटीशी दुसरं एक रसायन मिळून पिवळा रंग येतो. कण जितके जहाल, तितकं डीटीटी लवकर संपतं आणि पिवळा फिका पडतो. एका ओळीत ठेवलेल्या नळ्यांत काही फिल्टरांचा पिवळा डोळ्यांदेखत उतरत जातो आणि काहींचा तासभर तसाच राहतो. वजन सारखं असलेल्या दोन दिवसांमधला हा फरक ज्यानं पाहिला, त्याला नुसत्या आकड्यावर समाधान मानता येत नाही.

दुसरी वाट संख्येची. अडीच मायक्रॉनचा एक कण आणि ०.१ मायक्रॉनचे १५,६२५ कण यांचं वजन सारखंच, घनता सारखी धरली तर. बारीक कण खोल जातात, त्यातले काही रक्तातही उतरतात, पण वजनाच्या काट्यावर त्यांची दखल जवळजवळ शून्य. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा १० वरून ५ वर आणली, तेव्हा अतिसूक्ष्म कणांना मर्यादा दिली नाही, पण मोजा असं बजावलं आणि दिवसाची सरासरी घन सेंटिमीटरला १०,००० च्या वर गेली तर ती जास्त समजावी असं सुचवलं. काळ्या कार्बनचं, म्हणजे काजळीचंही तेच: मर्यादा नाही, मोजण्याचा आग्रह आहे.

माझं म्हणणं असं: वजन करा, पण वजन झाल्यावर फिल्टर टाकू नका, त्याला पुढचे प्रश्न विचारा. हे काही परदेशी खूळ नाही. आपल्या २००९ च्या राष्ट्रीय मानकांत १२ प्रदूषकं आहेत. त्यांत शिसं आहे, आर्सेनिक आहे (वार्षिक ६ नॅनोग्रॅम), निकेल आहे (२० नॅनोग्रॅम), अर्धवट जळण्यातून येणारं बेंझो-अल्फा-पायरिन आहे (१ नॅनोग्रॅम). कणांत काय आहे हे पाहायला हवं, ही गोष्ट कायद्यानं तेव्हाच मान्य केली. तुमच्या अॅपवर यातलं काय दिसतं ते बघा.

---

रानजाई

धागा फार आवडला, वाचनखूण साठवली. आर्सेनिकचं मानक आहे हे आजच कळलं. एक शंका. एक्यूआयमध्ये (हवेच्या गुणवत्ता निर्देशांकात) हे सगळं मिसळलेलं नसतं का? मला वाटायचं तो सर्वसमावेशक आकडा आहे.

---

कणाद

रानजाई, नाही. आपला एक्यूआय आठ प्रदूषकांवर बेतलाय: दोन प्रकारचे कण, पाच वायू आणि शिसं. प्रत्येकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात आणि सगळ्यांत वाईट जो असेल तोच त्या दिवसाचा एक्यूआय. बेरीज नाही, सरासरी नाही. आपल्या शहरांत हिवाळ्यात तो बहुतेक वेळा कणांच्या वजनावरच ठरतो. आर्सेनिक, निकेल, काळा कार्बन यांना त्यात जागा नाही.

---

ठाणे_पूर्व

मी घरी एक छोटा सेन्सर लावलाय, चार-पाच हजारांचा. ऑगस्टमध्ये खिडकी उघडली की तो भलताच आकडा दाखवतो. बाहेर धुवांधार पाऊस, हवा स्वच्छ असायला हवी. यंत्र बिघडलंय का?

---

कणाद

बिघडलेलं नसावं. हे सेन्सर वजन करतच नाहीत. आत एक लेझर असतो. कणांवरून विखुरलेला प्रकाश बघून ते वजनाचा अंदाज बांधतात. आर्द्रता ८०-८५ टक्क्यांवर गेली की सल्फेट, नायट्रेट, मीठ असे कण पाणी शोषून फुगतात. लेझरला मोठा कण दिसतो, तो पाण्याला प्रदूषण समजतो. सरकारी केंद्रांवरच्या बीटा किरणांच्या यंत्रात हवा आत घेताना गरम करतात ती यासाठीच.

उलट बाजूही लक्षात घ्या. साधारण ०.३ मायक्रॉनच्या खालचं या सेन्सरला दिसत नाही. तुमच्या खिडकीखाली रिक्षा-बस उभ्या राहत असतील तर ताज्या धुरातले सर्वांत बारीक कण त्याच्या नजरेतून सुटतात. पावसाळ्यात नसलेलं दिसतं आणि रस्त्याकडेला असलेलं दिसत नाही. तरी फेकू नका. एकाच घरात सकाळ-संध्याकाळची तुलना करायला, उदबत्ती किंवा फोडणीनं किती फरक पडतो ते पाहायला तो चांगला आहे.

---

निशिगंध

मी छातीरोगतज्ज्ञ आहे. ओपीचा शरीराशी संबंध कसा, ते थोडं सांगते.

फुप्फुसाच्या आतल्या बाजूला द्रवाचा पातळ थर असतो. त्यात क जीवनसत्त्व, ग्लुटाथायोन, युरिक अॅसिड असतं. बाहेरून आलेल्या कणाची पहिली गाठ पेशीशी पडत नाही, या थराशी पडते. कणांत विरघळणारं तांबं, लोह किंवा क्विनोन (धुरातली सेंद्रिय रसायनं) असतील तर ते इलेक्ट्रॉनची देवघेव करत राहतात. एकच अणू किंवा रेणू पुन्हा पुन्हा तेच काम करतो आणि हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी आक्रमक द्रव्यं तयार होत राहतात. हा साठा उपसला गेला की पेशींना झळ लागते, दाह सुरू होतो आणि तो फुप्फुसापुरता राहत नाही. रक्तवाहिन्या आणि हृदयापर्यंत जातो. अमेरिकेत अॅटलांटामध्ये याची पडताळणी झाली. डीटीटीनं मोजलेलं ओपी आणि दम्यासाठी, हृदय निकामी होण्यासाठी तातडीच्या विभागात येणारे रुग्ण, यांचं नातं नुसत्या पीएम २.५ च्या वजनापेक्षा जास्त घट्ट निघालं.

ओपीडीत मला नेहमी विचारतात, "डॉक्टर, आज हवा बरी आहे असं मोबाइल सांगतो, मग याला धाप का लागली?" त्याचं एक उत्तर हे असू शकतं. दुसरं म्हणजे त्या मोबाइलचं केंद्र पाच किलोमीटरवर असतं आणि रुग्णाच्या गल्लीत कचरा पेटलेला असतो.

---

ठाणे_पूर्व

आभार, कणाद आणि डॉक्टर. मग क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्या तर?

---

निशिगंध

प्रदूषणावर उपाय म्हणून मी त्या कुणालाही लिहून देत नाही. दमा असेल तर रोजचा इनहेलर चुकवू नका, वाईट दिवशी नीट बसणारा एन-९५ वापरा आणि पहाटेचं धावणं पुढे ढकला. हिवाळ्यात पहाटे धूर जमिनीलगत अडकलेला असतो, ऊन चढलं की तो वर जातो.

---

वर्धाकाठ

कणादभाऊ, मी कोळशाच्या पट्ट्यात राहतो. तुमचं लिहिणं पटतं पण भीतीही वाटते. आमच्याकडच्या एका जनसुनावणीत एक तज्ज्ञ उभे राहून म्हणाले की चिमणीतून निघणाऱ्या वायूचं पुढे सल्फेट होतं, आणि सल्फेट तर निरुपद्रवी, त्याची कशाला चिंता. जुलै २०२५ मध्ये केंद्रानं देशातल्या बहुतेक कोळसा वीजकेंद्रांना गंधक काढणारी एफजीडी यंत्रणा बसवण्यातून सूट दिली. उद्या तुमचं हे ओपी दाखवून हेच लोक म्हणतील, वजन जास्त असलं तरी विखार कमी, मग चालू द्या. आमच्या अंगणातल्या तुळशीवर रोज सकाळी राखेचा थर असतो. आमच्यासाठी वजनच बरं नाही का?

---

कणाद

वर्धाकाठ, या धाग्यावरचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात.

शुद्ध अमोनियम सल्फेट डीटीटीत घातलं तर जवळजवळ काहीच होत नाही, हे खरं. पण हवेत ते एकटं नसतं. जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की सल्फेटमुळे कण कमालीचे आम्लधर्मी होतात आणि त्या आम्लात, एरवी न विरघळणारे, लोह-तांब्यासारखे धातू विरघळतात. विरघळलेला धातू म्हणजेच निशिगंध यांनी सांगितलेली ती देवघेव. गंधक स्वतः हल्ला करत नाही, दुसऱ्याच्या हाती शस्त्र देतं. सुनावणीतल्या तज्ज्ञांनी यातलं अर्धंच सांगितलं.

आणि हे मी ठासून सांगतो: ओपी वजनाच्या जागी आणायचं नाही, वजनाच्या सोबत आणायचं. कणांचा कुठलाही घटक पूर्ण निर्धोक ठरलेला नाही. वजनाची मर्यादा एका मायक्रोग्रॅमनंही सैल करायला ओपीचा आधार कुणी घेतला तर तो गैरवापर आहे. ओपीचा खरा उपयोग, आधी कुणाला आवरायचं ते ठरवायला. २०१९ पासूनच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांची प्रगती पीएम १० वर तोलली जाते. साहजिकच निधीचा मोठा वाटा रस्ते झाडण्यावर आणि पाणी मारण्यावर गेला. जाड धूळ खाली बसली की वजनाचा आकडा उतरतो. बेकरीच्या भट्टीतला आणि पेटलेल्या कचऱ्यातला धूर तसाच राहतो.

---

हायडेलबर्गहून

इथली स्थिती सांगतो. युरोपीय संघाचा हवेचा नवा कायदा २०२४ अखेरीस आला. पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा २५ वरून १० वर आणायची आहे, २०३० पर्यंत. त्याबरोबर 'सुपरसाइट' नावाची केंद्रं उभारायची आहेत, शहरी भागासाठी दर एक कोटी लोकसंख्येमागे किमान एक. तिथं काळा कार्बन, अतिसूक्ष्म कण, अमोनिया मोजणं आलंच, आणि ओपी मोजण्याचीही शिफारस आहे. २०२० मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेनं युरोपभरच्या कणांचा अभ्यास छापला होता. वजनात मोठा वाटा माती आणि सल्फेट-नायट्रेटचा, पण ओपीत मोठा वाटा घरगुती लाकडाच्या शेगड्यांचा आणि ब्रेक-टायर झिजून उडणाऱ्या धातूंचा. इलेक्ट्रिक गाडी घेतली तरी ब्रेक आणि टायर असतातच, हे इथल्या माझ्या मित्रांना अजून पचत नाही.

---

कणाद

वा, नेमकी भर. तशीच मांडणी उत्तर भारतासाठी २०२४ मध्ये आली. आयआयटी जोधपूरच्या दीपिका भट्टू आणि सहकाऱ्यांचं काम. दिल्ली आणि आसपासच्या जागी वजनाची घडण वेगवेगळी. शहरात अमोनियम क्लोराइड आणि वाहनं-शेकोट्यांचे सेंद्रिय कण, बाहेर सल्फेट, नायट्रेट, जैवइंधनाचा धूर. पण ओपी सगळीकडे एकाच गोष्टीवर ठरत होतं: जवळपास होणारं अर्धवट ज्वलन. लाकूड असो, गोवऱ्या असोत की डिझेल, नीट न जळालेलं इंधन.

---

सुलभा_सातारा

मी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कामानिमित्त वाड्या-वस्त्यांवर फिरते. तुम्ही सगळे चौकातल्या यंत्राबद्दल बोलताय. आमच्याकडच्या बाया चुलीपुढे बसतात, तिथं कुठलं यंत्र? डोळ्याला पदर लावून भाकरी थापणाऱ्या बाईच्या नाकाशी काय चाललंय, ते कुणी मोजतं का?

---

कणाद

मोजतात, सुलभाताई. कमरेला किंवा खांद्याला छोटा पंप आणि गळ्यापाशी फिल्टर लावून बाई दिवसभर तिची कामं करते. चार देशांत असा मोठा प्रयोग झाला, त्यात आपल्याकडचं तमिळनाडू होतं. निम्म्या गरोदर बायांना गॅस दिला, निम्म्या आधीच्याच चुलीवर. गॅसवाल्यांचं पीएम २.५ सुमारे २४ आणि चुलीवाल्यांचं सुमारे ७१. एवढा फरक पडूनही बाळांच्या जन्मवजनात ठोस फरक सापडला नाही. २०२२ मध्ये हे छापून आलं. गॅस निरुपयोगी असा अर्थ त्यातून मुळीच काढू नये. गॅस गरोदरपणात काही आठवडे गेल्यावर मिळाला होता, आणि २४ देखील जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्षिक ५ पेक्षा किती वर आहे ते पाहा. पण वजन एवढं उतरूनही परिणाम का दिसला नाही, हे शोधायचं तर त्या फिल्टरवर काय होतं तिकडेच वळावं लागतं.

---

काटेकोर

रसायनशास्त्राचा माणूस आहे, म्हणून एक अडचण मांडतो. कणाद, तुम्ही फिल्टर जपा म्हणता. बासेल विद्यापीठाच्या गटानं २०२५ मध्ये दाखवलं की कणांवरच्या आक्रमक ऑक्सिजन-मूलकांपैकी (चटकन प्रतिक्रिया देणाऱ्या अस्थिर द्रव्यांपैकी) ६० ते ९९ टक्के काही मिनिटांत किंवा तासांत नाहीशी होतात. फिल्टर दिवसभर यंत्रात, मग प्रयोगशाळेत, मग आठवड्यांनी नळीत. तुमचं ओपी प्रत्यक्षापेक्षा बरंच कमी येत असणार. महिनोन्‌महिने ठेवलेल्या फिल्टरचं मोल काय?

---

कणाद

आक्षेप रास्त आहे. त्या गटानं हवा थेट द्रवात ओढून जागच्या जागी मोजणारं यंत्रच बनवलंय, आणि अल्पायुषी मूलकांसाठी तोच मार्ग. फिल्टरवरचं ओपी ही किमान पातळी समजावी.

पण तांबं, मँगनीज, निकेल, आर्सेनिक कुठे उडून जात नाहीत. काळा कार्बन जात नाही. उणे २० अंशांवर, प्रकाशापासून दूर ठेवला तर सेंद्रिय भागही बराच टिकतो. युटातले फिल्टर वर्षांनंतरही बोलले ते धातूंमुळेच. थेट मोजणारी यंत्रं आपल्या प्रत्येक जिल्ह्यात पोचायला किती काळ जाईल कोण जाणे, फिल्टर मात्र आज जमा होतायत. आपल्याकडच्या हाताने चालवायच्या केंद्रांवर आठवड्यातून दोनदा, वर्षाला १०४ नमुने घ्यायचा दंडक आहे. एका केंद्राचे १०४ फिल्टर शीतपेटीच्या एका कप्प्यात मावतात.

---

रानजाई

तर मग मी माहितीच्या अधिकारात अर्ज करतेय. आमच्या शहरातल्या केंद्रांवर गेल्या पाच वर्षांत आर्सेनिक, निकेल, शिसं, बेंझो-अल्फा-पायरिन यांची वार्षिक सरासरी काय आली, आणि मोजलं नसेल तर का नाही. मसुदा उद्या इथे टाकते. वर्धाकाठ, तुमच्या जिल्ह्यासाठीही तोच चालेल का?

---

वर्धाकाठ

चालेल म्हणजे काय, पळेल. इथून आम्ही चौघं जण सह्या करू.

---

कणाद

त्यात दोन प्रश्न वाढवा: वजन झाल्यावर फिल्टर किती काळ ठेवले जातात, आणि कोणत्या तापमानाला. प्रत्येक प्रदूषकासाठी किती नमुने तपासले तेही वेगळं मागा, कारण वर्षातून चारच फिल्टर तपासून काढलेली 'वार्षिक सरासरी' मला चालणार नाही. उत्तर आलं की फोटो न टाकता आकडे टंकून टाका, म्हणजे सगळ्यांना तुलना करता येईल.